सुकवारोची मशीन मी लाकडात केली

(सुलोचनाबाई, राहणार बीरगांव, रायपूर. त्यांच्या अंगणात बसून ऐकलं. त्या बोलत गेल्या तसं उतरवून घेतलं.)

माहा बाप गोंदियाकडला. रेल्वेच्या गँगमध्ये लागला अन् रायपूरले आला, मंग त्यानं मायले आणलं, मंग आमी भावंडं इथीच झालो, म्हणून कोणी विचारलं का बाई तुमी कुठच्या, तं मी म्हणतो घर गोंदियाकडलं अन् माती रायपूरची. घरात आमी मराठी बोलो, बाहेर हिंदी, अन् पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या बायांसंग छत्तीसगढी, तीन बोल्या एका तोंडात. आता माही पोट्टी वैशाली आहे, तिले मराठी सारं समजते पण जवाब हिंदीतच देते. देऊ द्या, समजते तेच खूप.

मले लहानपणापासून एकच खोड होती, का हे आतून कसं आहे ते पाहाचं. माय म्हणे ही पोट्टी आंबा खाऊन राहिली का कोय पाहून राहिली. घड्याळ बंद पडलं तं मी उघडलं, बापाचा मार खाल्ला. कोंबडी कापली का मी पोटातलं पाहाले बसो. काहून ते मले सांगता नाही येत ताई, पण वरून जे दिसते त्यावर माह्या जिवाचं समाधानच होत नाही.

आमच्या क्वार्टरपासून थोड्या दूर एक सुतार बसे, दरवाजे बनवे, त्यावर वेलबुट्टी काढे. मी शाळेतून आली का त्याच्यासमोर उकिडवी बसो. त्याची पटाशी लाकडात अशी जाय जशी दह्यात चमची जाते. एक दिवस मी म्हटलं काका, मले एकडाव धरू द्या. त्यानं विचारलं तुह्या बापाचं नाव काय, मी सांगतलं, आडनावही सांगतलं. मंग तो म्हणे भुसा न्याचा तं ने चुलीसाठी, हत्याराले हात लावू नोको, आमी त्याची पूजा करतो. रागानं नाही म्हटलं त्यानं, सादं सांगतलं, जसं कोणी सांगते का इथी बसू नोको, ऊन येते. मी भुसा फ्रॉकमध्ये भरून घरी आणला अन् मायले विचारलं, आमच्या हातानं हत्याराले काय होते. माय चूल फुकत होती. ती म्हणे हत्याराले काही होत नाही, त्याले होते. ते मले तवा नाही समजलं.

तरी मी जातच राहिली बसाले. हात लावू नोको म्हटलं होतं, पाहू नोको तं कोणी म्हटलं नव्हतं.

मंग लग्न झालं, बीरगांवले आली. आमचे हे तवा बाजूच्या उरल्यात, कारखान्याच्या गाड्या भराचं, खाली कराचं काम करत. वैशाली शाळेत जाऊ लागली अन् मी बी एका कारखान्यात लागली, झाडूपोछ्याले. नाव नाही सांगत कारखान्याचं, नावात काय आहे, तसे तिथी बहुत आहेत. तिथी पत्र्याचे गोल झाकणं बनत. बाहेरून मशीनी येत त्या लाकडाच्या पेट्यात, चिडाचं, म्हणजे पाईनचं लाकूड, पेट्या फुटल्या का फळ्या आमी बाया घरी नेवो, जाळाले.

एका दिवशी सकाळी मी फळी चुलीत सारून राहिली होती अन् मले त्यात एक गाठ दिसली. गाठीभवताल लाकडाच्या रेषा अशा वळल्या होत्या, काय सांगू तुमाले, जसं नदीत गोटा असला का पाणी त्याच्या बाजूनं जाते तसं. मले वाटलं हे गाठ आरपार आहे का वरवर. चुलीतून फळी काढली, विझवली, अन् भाजीच्या चाकूनं कोरून पाहाले लागली. भात करपला त्या दिवशी. गाठ आरपार होती. पण कोरता कोरता बाजूले एक उंचवटा राहिला, तो मले कोंबडीच्या पाठीसारका दिसला, मंग मी त्याले चोच काढली. शेजारची म्हणे उंदीर चांगला झाला.

मंग मले चैनच पडे ना. चाकू कामाचा नाही, तं कारखान्यातला तुटका आरी ब्लेड आणला, दगडावर घासघासून धार काढली, मागून चिंधी गुंडाळली. गोल कोराले काही सापडे ना, तं जुन्या छत्रीची काडी घेतली. छत्रीची काडी पाहली का तुमी कधी नीट? ती आतून पन्हाळीसारकी असते, टोक घासलं का लाकडातून अशी नाली काढते का बजारात तसं हत्यार भेटणार नाही. हे मले कोणी सांगतलं नाही. पाहून पाहून सापडलं.

आदी मी कोंबड्या केल्या, मंग आमच्या ह्यांचा पाय केला, टाचेच्या भेगा सकट, ते म्हणे चेहरा नाही दिसला का तुले माहा. मंग टँकरवर भांडणाऱ्या बाया केल्या. मंग गेटवर बसलेली एक बाई केली, तिले दोन दिवस सुट्टी मारली म्हणून आत घेत नव्हते अन् ती बसूनच राहिली होती सांजवरी, गुडघ्यात डोकं घालून. ते केलं तवा मले पहिल्यांदा वाटलं का हे खेळणं नाही आता. कोणी नाही पाहत अशा बाईकडे, सारे तिच्या बाजूनं निंगून जातात, अन् लाकडात केली का थांबतात. काहून थांबतात, हे मी अजून विचार करतो.

आता सुकवारोचं सांगतो. सुकवारो माही मैत्रीण, इथच्या जवळच्या गावची, छत्तीसगढीच बोले, अन् प्रेसवर काम करे. प्रेस म्हणजे कसं, वर एक लोखंडाचा घण असते, खाली साचा असते, मधात चार बोटाची जागा. त्या जागेत पत्रा ठेवाचा, पायानं पायडल दाबाचा, का घण खाली येते अन् झाकण कापून वर जाते. समोर एक लोखंडाची जाळी पाहिजे, का हात आत जाऊच नये, पत्रा चिमट्यानं सरकवाचा. पण चिमट्यानं काम हळू होते. तं फोरमननं जाळी काढून ठेवली होती, मी लागली तवापासून ते जाळी म्या भितीले टेकलेलीच पाहली, तिच्यामांगून झाडू फिरवाले तरास होय.

त्या दिवशी दुपारचं जेवण झालं होतं. मी दोन मशीनी सोडून झाडत होती. आवाज काही आला नाही ताई. उलटा आवाज थांबला. प्रेसचा ठक ठक आवाज अशा लयीत असते का तो थांबला का कान वर होतात. पाहतो तं सुकवारो उभी आहे अन् आपल्या हाताकडे पाहून राहिली, जसं हात दुसऱ्या कोणाचा आहे. उजव्या हाताचे तीन बोटं. मी माह्या लुगड्याचा पदर फाडून बांधला. ती एकच बोलली, मोर थैला ले ले बहिनी. तिले डब्ब्याची थैली आठवली त्या वेळेस.

दवाखान्यात नेलं, ती वाचली. पण कंपनीनं काय म्हणावं, का ही बाई आमच्या कामावरच नाही. रजिस्टरात तिचं नावच नव्हतं, आमचं कोणाचंच नव्हतं, ठेकेदाराची माणसं आमी. गेटची चिठ्ठी तिच्यापासून दवाखान्यातच काढून घेतली होती. म्हणे पत्र्याचे तुकडे वेचाले घुसली अन् स्वतःच मशीनीत हात घातला, अन् हात जाणार कसा, जाळी आहे, हा पाहा फोटो. फोटोत जाळी होती. नवीन रंग मारून लावली होती.

सुकवारोकडून एक वकीलबाई उभ्या राहल्या. ब्राह्मणपाऱ्यात राहतात, मराठीच, पण त्यांची मराठी पुस्तकासारकी, मला तुला वाली. त्या बीरगांवले आल्या, घरोघरी फिरल्या, का कोणीतरी सांगा काय झालं ते. प्रेसवरच्या बायांनी दारं लावून घेतले. मी त्यायले दोष नाही देत, लेकरं सगळ्यायले आहेत. माह्या दारात आल्या तं मी म्हटलं बसा. त्या म्हणाल्या, बाई, मला एवढंच समजावून सांगा की हात आत जातो कसा. मी तोंडानं सांगतलं, त्यायले नाही समजलं. ताटली अन् डब्ब्याचं झाकण घेऊन दाखवलं, तरी नाही. त्या म्हणाल्या, मलाच समजत नाही तर कोर्टातल्या साहेबांना काय समजावणार, त्यांनीही असली मशीन कधी पाहिली नसेल. माह्या तोंडून निंगून गेलं, तुमी थांबा, मी करून देतो.

त्या गेल्यावर आमचे हे बोलले, तू काय कबूल केलं तुले माहीत आहे का. तुह्यं काम जाईन. मी म्हटलं जाईन. ते म्हणे घरात एकटी तुह्यीच कमाई पक्की आहे सध्या. ते खोटं नव्हतं, त्यायची कंबर धरली होती, गाडी भराचं काम बंद होतं. दोन दिवस आमी दोघं बोललोच नाही. तिसऱ्या दिवशी ते सायकलवर एक लाकूड बांधून घेऊन आले, खम्हारचं, तुमी शिवण म्हणता ते, वाळलेलं, हलकं अन् घट्ट, कुठून आणलं ते सांगतलं नाही. अंगणात ठेवलं अन् म्हणे चिडाची फळी फाटते, हे नाही फाटणार. बस एवढंच.

मी ते मशीन वरून नाही, खालून पाहली होती. रोज तिच्याखाली झाडू घालो, कुठी किती ग्रीस आहे, कोणता बोल्ट ढिल्ला आहे, सारं माह्या डोळ्यात होतं. फोरमन मले कितीकदा बोलला होता, ए बाई, झाडू मार, मशीन क्या देखती है. आता ते पाहलेलं कामी आलं. हातभर उंचीची केली. घणाले खाचेत बसवला का तो वरखाली सरकला पाहिजे, सायकलच्या ब्रेकची स्प्रिंग लावली, पायडलले सुतळी. कामावरून आली का उजेड असेवरी अंगणात बसो. वैशाली तवा चौदा वर्षाची, ती म्हणे मम्मी, लोग हँस रहे हैं. मी म्हटलं हसू दे, ते पेचकस दे इकडे.

सारं झालं, अन् डाव्या खांबापाशी माहा हात थांबला. काहीतरी राहिलं होतं. तिथी काही होतं, काय होतं, दोन दिवस मले आठवे ना. कारखान्यात जाऊन पाहाव तं तिथी आता जाळी लागली होती. मंग झाडता झाडता एका बाईनं आपला डब्बा खिडकीले टांगला अन् मले आठवलं, का त्या खांबाले, जाळी बसते नेमकं त्याच जागी, एक आकडा होता, जाळी लावली का तो झाकून जाय, अन् सुकवारो त्याले आपली थैली टांगे. मी खिळा वाकवून आकडा लावला. वैशालीनं विचारलं थैली किस रंग की थी. मी म्हटलं हिरवी, लाल बंद. तिनं ब्लाऊजच्या तुकड्याची टिचभर थैली शिवून आणली, लाल दोरा लावून. त्या दिवसापासून ती हसणाऱ्यायले नाही घाबरली.

लेबरच्या कोर्टात मी पहिल्यांदा गेली. मशीन चादरीत गुंडाळून मांडीवर धरून बसली. कंपनीचा वकील म्हणे साहब, ये खिलौना है, ये सबूत नहीं हो सकता. साहेब वयस्कर, चष्मा वाले, ते म्हणे खिलौना ही सही, देखने में क्या जाता है. मंग त्यायनं मले विचारलं, आपने बनाया? किससे सीखा? मी म्हटलं किसी से नहीं साहब, देख देख के. ते म्हणे चलाकर दिखाइए, अन् त्यायनं स्वतःचं बोट त्या जागेत ठेवलं. मी पायडल दाबला. घण खाली आला अन् साहेबांनं हात असा झटक्यात मागं घेतला का चष्मा हालला. लाकडाचा होता घण, काही लागलं नाही त्यायले. पण बोटाकडे पाहत राहले थोडा वेळ.

मंग त्यायनं फोरमनले बोलावलं, का कारखान्यात ऐसी ही मशीन है क्या. फोरमन पुढे आला. आता काय झालं ते ऐका. तो माणूस वीस वर्ष मशीनीतच राहलेला, त्यानं मशीन पाहली अन् कोर्ट बिर्ट विसरून गेला. वाकून पाहे, फिरवून पाहे, घण वरखाली करे. म्हणे हां साहब, हूबहू वही है, ये ढीला बोल्ट भी बना दिया इसने. अन् मंग त्याची नजर थैलीवर गेली. तो हसला, खरोखर हसला, म्हणे अरे ये भी, ये तो सुकवारो का थैला है, रोज यहीं टांगती थी.

साहेबांनं लिहिता लिहिता पेन थांबवला. म्हणे रोज? अन् मंग फोटो उचलून त्याच्यासमोर धरला, म्हणे जाली यहाँ लगी थी, तो थैला कहाँ टांगती थी? फोरमननं फोटो पाहला, मशीन पाहली, अन् खाली पाहू लागला. मले त्याची कीव आली, खरं सांगतो. खोटं बोलाले आलेला माणूस आपल्या कामाच्या ओढीनं खरं बोलून गेला.

निकाल काही लगेच नाही आला, बहुत चकरा झाल्या. पण आला तवा कागदावर लिहून आलं, का सुकवारो त्या कारखान्याची कामगार होती. कंपनीले भरपाई द्या लागली. सुकवारोले वाचता येत नाही, तिनं वैशालीकडून ती एकच ओळ चारदा वाचून घेतली, का ती कामगार होती. अन् माह्यं काम तं तवाच गेलं होतं. कोर्टाच्या दुसऱ्या दिवशी गेटवाल्यानं हात आडवा केला, म्हणे दीदी, तुम्हारा बंद है. एक वर्ष लई जड गेलं. आमचे हे पानाचा ठेला लावू लागले, मी लोकांच्या घरी भांडे घासले.

फोरमन एक डाव बजारात भेटला. मले वाटलं आता शिव्या देते. तो म्हणे तूने अच्छा नहीं किया, मेरी भी नौकरी गई. मी म्हटलं भैया, जाली तो आपने ही निकाली थी. त्यानं भाजीची थैली या हातातून त्या हातात घेतली. मंग जाता जाता वळला अन् म्हणे एक बात बता, वो घण अटकता नहीं था, क्या लगाया था. मी म्हटलं साबण. तो म्हणे साबण, अन् मान हलवत गेला.

मंग वकीलबाईनं माह्यं काम लोकायले दाखवलं, एका प्रदर्शनात ठेवलं. गेटवरची बाई, टँकरवाल्या बाया, विटा डोक्यावर घेतलेली पोटुशी बाई. लोकं येत, पाहत. एक साहेब म्हणे हत्ती बनाओ, हिरण बनाओ, वो बिकता है. बनवतो ना मी हत्ती, घर चालवाले बनवतो, हत्ती काही वाईट जनावर नाही. दुसऱ्या एक बाई म्हणे आपके सब लोग इतने दुखी क्यों हैं. मी म्हटलं दुखी नाहीत, कामावर आहेत. घरी येऊन मले वाटलं मी बरोबर बोलली का. मंग एकेकीले उचलून पाहलं. काही दुखी होत्या, खरं आहे. पण साऱ्या नाही.

एक चूक मात्र केली म्या. सुकवारोसाठी एक हात केला, तिचाच, उजवा. प्रेमानं पाचही बोटं केले, नखं केले, अंगठी घातली. वाटलं तिले बरं वाटंन. तिनं डाव्या हातानं उचलून उलटा सुलटा पाहला अन् म्हणे ये मोर हाथ नोहय बहिनी, ये काकर हाथ ए. म्हणजे हा माहा नाही, कोणाचा आहे. रागावली नव्हती, खरोखर विचारत होती. मी म्हटलं मंग कसा करू. तिनं आपला हात ओढणीतून बाहेर काढला, तोपर्यंत ती नेहमी झाकूनच ठेवे, अन् माह्यासमोर पाटावर ठेवला. म्हणे देख के बना, तैं तो देख के बनाथस. तीन दिवस ती येऊन बसली, अन् म्या पाहून पाहून केला. तो पाहून तिनं मान डोलावली. तो तिच्याच घरी आहे, टीव्हीवर ठेवते.

आता दोन बाया येतात माह्यापाशी शिकाले. एक इथचीच आहे, दुसरी अभनपुरकडून बसनं येते. मी त्यायले पहिल्या दिवशी पटाशी हातात देतो, मंग नाव विचारतो. डोळे माहे थोडे कमी झाले, बारीक काम वैशाली पाहून देते, ती नौकरी करते अन् अजून हिंदीतच बोलते. आमचे हे बरे आहेत. कारखाना चालूच आहे, आत काय चालते ते आता मले दिसत नाही, प्रेसवर कोण बसते, जाळी आहे का नाही, रोज मनात येते. गेटवरून बाया निंगतात सांजच्या, तं मी त्यायच्या हाताकडे पाहतो, मोजत नाही, बस पाहतो.

झालं का लिहून? किती भराभर लिहिता तुमी. दाखवा बरं तो हात. हे मधल्या बोटाले घट्टा पडला तुमच्या, पेन इथी टेकते का? अन् दुखते का थंडीत? मी म्हटलं होतं मनात, लिहिणाऱ्या बाईचा हात नरम असंन. जपा ताई, सुखानं जा, हातपाय शाबूत राहो तुमचे. अन् घाई नसंन तं थोडं बसा, पेन धरता तसाच धरून ठेवा, मी लाकूड घेऊन येतो.